शब्दचर्चा : होस्टिंग ‘मुक्त’ की ‘मोफत’?

विचारणा (मडगाव) : आमच्या वाचनालयातील चार-पाच जण मिळून मराठी शुद्धलेखन तपासणीसाठी एक शब्दयादी तयार करीत आहोत. ती मुक्त परवान्याखाली द्यायची हे ठरलेले आहे. सहभागी होऊ इच्छिणाऱ्यांसाठी माहितीपत्रक लिहिताना, संगणकीय प्रकल्प ठेवण्याच्या गिटहब या संकेतस्थळाबद्दल आणि ‘होस्टिंग’ (दुसऱ्याच्या सर्व्हरवर जागा मिळणे) या अर्थी ‘यजमानी’ वापरून, मी असे वाक्य लिहिले : ‘यादी गिटहबच्या मुक्त यजमानीवर ठेवली आहे.’ एका ज्येष्ठ सदस्यांनी ‘मुक्त’ या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारून बाजूला ‘कशापासून?’ एवढेच लिहिले. हा शब्द येथे चुकला आहे काय? आणि ‘प्रोप्रायटरी’साठी कोणता शब्द घ्यावा?

उत्तर (फोंडा) : रेघ योग्य जागी पडली आहे. ‘मुक्त’ समासात शेवटी आला, तर तो एखाद्या गोष्टीचा अभाव सांगतो, जसे करमुक्त किंवा कर्जमुक्त. आरंभी आला, तर ‘सर्वांना खुले’ असा अर्थ देतो, जसे मुक्त विद्यापीठ. संगणकाच्या क्षेत्रात त्याला तिसरा अर्थ आहे : ज्याचा कोड (सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर) वाचण्याची, बदलण्याची आणि पुढे वाटण्याची मोकळीक आहे ते. गिटहब सर्वांना खुले आहे आणि सार्वजनिक प्रकल्पांसाठी मोफतही आहे. पण ते ज्या कोडवर चालते तो बंदिस्त असून 2018 पासून त्याची मालकी मायक्रोसॉफ्टकडे आहे. म्हणजे तुमची यादी मुक्त आहे आणि होस्टिंग मोफत आहे. इंग्रजीत दोन्हींना एकच ‘फ्री’ असल्यामुळे तेथे घोटाळा अटळ आहे. आपल्याकडे दोन निराळे शब्द असताना तो ओढवून घेण्याचे कारण नाही. ‘प्रोप्रायटरी’साठी ‘स्वामित्वाधीन’ लिहितात खरे, पण माहितीपत्रकात ‘खासगी मालकीचे’ अधिक बरे. ‘यजमानी’ मात्र काढावी; तो शब्द वाचताच मला सत्यनारायणाची पूजा आठवते. सगळे होस्टिंग म्हणतात, तेच लिहावे.

उत्तर (पेडणे) : दुसऱ्याच्या जागेत बिऱ्हाड थाटण्याच्या या नात्यासाठी आपल्या गोव्यात नेमके शब्द आहेत : जमीन भाटकाराची म्हणजे जागेच्या मालकाची, घर मुंडकाराचे म्हणजे तेथे राहणाऱ्याचे. भाटात (माडांच्या बागेत) राहायचे, माडांवर लक्ष ठेवायचे आणि नारळ भाटकाराने न्यायचे, हे आपल्या आजोबांच्या पिढीला समजावून सांगावे लागत नव्हते. गिटहबवरील सार्वजनिक कोडवर त्याच्याच कोपायलट या कोड सुचवणाऱ्या एआय साधनाला शिकवले गेले, तेव्हा मला हेच नारळ आठवले. लिनक्स या मुक्त संगणक प्रणालीचा अनुभव तर याहून बोलका आहे. तिच्या कर्नलचे (गाभ्याचे) काम बिटकीपर या कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या, खासगी मालकीच्या साधनावर चाले. 2005 मध्ये त्याच्या मालकांनी मोफत वापराची सवलत काढून घेतली आणि त्यातूनच लिनक्सचे जनक लिनस टोर्वाल्ड्स यांनी गिट हे त्याच कामाचे मुक्त साधन लिहिले. आज त्याच गिटचे बहुतेक संसार पुन्हा एका भाटात थाटलेले आहेत.

उत्तर (फोंडा) : उपमा सुरेख आहे, पण एका ठिकाणी ती उलटते. मुंडकाराला 1975 च्या कायद्याने संरक्षण दिले. होस्टिंगवरच्या प्रकल्पाला तसे काही नाही. गूगल कोड ही अशीच सेवा 2016 मध्ये बंद झाली, तेव्हा सर्वांना बिऱ्हाड हलवावे लागले. दुसरीकडे, गिटची प्रत घेताना संपूर्ण इतिहास सोबत येतो, म्हणजे घर उचलून नेता येते. मागे राहतात त्या तेथे नोंदलेल्या तक्रारी, सूचना आणि त्यांवरच्या चर्चा. शब्दयादीत तर अर्धे मोल त्या चर्चेतच असते : ‘कोकणी’ की ‘कोंकणी’ यावर झालेला वाद यादीत दिसत नाही, फक्त त्याचा निकाल दिसतो. शिवाय ‘मुक्त’ म्हणजे ‘टिकाऊ’ असेही समजू नये. गिटोरियस या होस्टिंग सेवेचा स्वतःचा कोड मुक्त होता, तरी गिटलॅब या दुसऱ्या सेवेने विकत घेतल्यावर 2015 मध्ये ती सेवा संपली. बर्लिनची कोडबर्ग ही सेवा सभासदांची नोंदणीकृत संस्था चालवते आणि तिचे फोर्जेओ हे सॉफ्टवेअरही मुक्त आहे. तिला ‘मुक्त होस्टिंग’ म्हणणे सर्वार्थाने योग्य ठरेल. गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या गोव्यातील कोमुनिदादीशी तिचे थोडे साम्य आहे, फक्त कोडबर्गमध्ये गावकारपण (सभासदत्व) जन्माने मिळत नाही.

विचारणाकर्ता (मडगाव) : दोघांचेही आभार. तक्रारी आणि चर्चा यांची प्रत दरमहा वेगळी उतरवून ठेवायचे ठरले असून, कोडबर्गवर जाण्याचा विषय पुढील बैठकीत घेणार आहोत. वाक्य आता असे केले आहे : ‘शब्दयादी मुक्त आहे, ती सध्या गिटहब या खासगी मालकीच्या होस्टिंगवर मोफत ठेवली आहे.’ पत्रक परत आले, तेव्हा पेन्सिलीची रेघ ‘सध्या’खाली होती.