नाव झाकून वाचा

काकू: वन्सं, महिना झाला ग्रुपवर दिसला नाहीत. डोळा बरा आहे ना?

आत्या: अगं छान आहे. दुसऱ्याचंही ऑपरेशन उरकलं. डॉक्टरांनी वाचायची परवानगी दिली आणि फोन गेला उशीखाली. सहा कादंबऱ्या संपवल्या, एक अर्धवट सोडली.

मी: आत्या, कुठल्या ते सांग ना. आणि खरं मत दे हं. "वाचनीय आहे" असलं काही नको.

आत्या: खरं सांगते, मग रुसायचं नाही कुणी. मृत्युंजयपासून सुरू करते. कॉलेजात वाचली तेव्हा दोन रात्री झोपले नव्हते. या खेपेला शंभर पानांत धाप लागली. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण, सहाजण आपापल्या तोंडाने गोष्ट सांगतात. कल्पना केवढी नामी! पण बोलायला लागले की सहाही जण एकाच शिकवणीला जात होते असं वाटतं. आईचं दुःख असो की मित्राचा माज, अलंकार तेच. सूर्य नुसता उगवलेला कुणालाच चालत नाही.

काका: अक्का!! तू मृत्युंजयला नावं ठेवतेस? 1967 सालची कादंबरी आजही लोक विकत घेऊन वाचतात. उगीच का? असो.

आत्या: उगीच नाही रे. कर्णासाठी मीही रडलेय, याही वेळी रडले. पण रडू आलं म्हणजे कान बंद करायचे असं थोडंच आहे? एक कर. प्रकरणाच्या वर नाव असतं ना, ते हाताने झाक. मधलंच कुठलं तरी पान उघड आणि कोण बोलतंय ते ओळख.

काका: हे काय पोरखेळ. कोणीही ओळखेल.

वहिनी: थांबा, मी पानाचा फोटो टाकते. वरचा भाग कापलाय. काका, सांगा.

काका: कुंती. तो भारदस्तपणा दुसऱ्या कुणाचा असणार?

वहिनी: वृषाली 🙈

काका: फोटो अंधुक आहे. असो.

छोटू: 😂😂😂

आत्या: हसू नकोस, मीही तीनदा चुकले. ओळखलं तेव्हासुद्धा नवरा, आई, दादा अशा नात्याच्या शब्दावरून ओळखलं, आवाजावरून नाही. ययाति कादंबरीचंही तसंच, तिथे तिघं बोलतात. त्यातली देवयानी मात्र चटकन कळते, तिचा फणकारा लपत नाही. ययाति आणि शर्मिष्ठा सुविचाराच्या वहीतून बोलतात.

दादा: सोडली ती कोणती?

आत्या: नाव नाही सांगणार. लिहिणारी ओळखीची आहे, पुस्तक तिनेच सही करून दिलंय. पान 112 वर मिटलं. रात्रीचे दोन वाजलेत, बाळ टाहो फोडतंय, आणि नवरा बायकोला म्हणतो, आपल्या नात्यातली दरी मला आता असह्य होत चालली आहे. तीही तितक्याच शुद्ध मराठीत उत्तर देते. चार पानं चालतं हे. बाळाला उचला की रे कुणी तरी!

काकू: अगं बाई. मग उचललं का शेवटी?

आत्या: लेखिका विसरली. पुढच्या प्रकरणात ते बाळ शाळेत जातंय.

मी: तिला काय सांगितलंस मग?

आत्या: मुखपृष्ठ छान आहे म्हणाले.

वहिनी: आणि आवडलं काय ते सांगा ना. सगळी चिरफाडच चाललीये.

आत्या: धग. उद्धव शेळक्यांची, 1960 ची. इतकी वर्षं कपाटात होती आणि मी हात लावला नव्हता याची लाज वाटली. पहिली पंचवीसेक पानं अडखळत गेली. संवाद वऱ्हाडीत आहेत आणि मला "काऊन" आणि "मले, तुले"च्या पलीकडे वऱ्हाडी येत नाही. एक दुपार नुसती त्याच पानांवर फिरत राहिले. मग ओठ हलवून वाचायला लागले, अगदी पहिलीतल्या पोरीसारखी, आणि गाठ सुटली. डोळ्याला जे कळत नव्हतं ते कानाला कळलं. नायिका कौतिक बोलते तेव्हा ती कुठे उभी आहे, हात कशात आहेत, नवऱ्यावर चिडून बोलतेय की पोरांना ऐकू जाऊ नये म्हणून दबक्या आवाजात, सगळं दिसतं. तिचा नवरा महादेव शिंपीकाम सोडून नुसता बसून राहतो. त्याच्या बोलण्यात बसून राहणाऱ्या माणसाचा सूर आहे. हिच्या बोलण्यात मात्र पुढचं काम आधी येतं, दुःख मागून. दारिद्र्याबद्दल कुणी भाषण ठोकत नाही. या पुस्तकात नावं झाकायचा खेळ खेळा, कोण बोलतंय ते दोन ओळींत कळतं.

मी: आता वाचायलाच हवी.

काका: बोलीभाषेत लिहिलं की सगळं आपोआप खरं वाटतं. ती युक्ती आहे. महाभारतातली माणसं काय "काऊन" म्हणणार? असो.

आत्या: हा मुद्दा बरोबर आहे तुझा. कर्णाने कुठल्या मराठीत बोलावं हे मलाही सांगता येणार नाही. पण बोली घातली की झालं, असंही नाही. कित्येक ग्रामीण कादंबऱ्यांत पाटलापासून गुराख्यापर्यंत सगळे एकसारखे "व्हय जी" करत असतात. त्या तर मृत्युंजयहून वाईट, कारण तिथे सूर्यसुद्धा नाही.

काका: 🙏 एवढं तरी मान्य केलंस.

वहिनी: आत्या, शाळा कादंबरी वाचलीत का? मी दिलेली.

आत्या: वाचली. पोरांचं बोलणं फर्मास. नववीतली मुलं, आणीबाणीचे दिवस, एकमेकांना मारलेल्या टपल्या. लेखक बोकिलांचा कान तिखट आहे. पण माझी तक्रार आहे. शिरोडकर. सगळी कादंबरी तिच्याभोवती फिरते आणि तिचा आवाज मला अजून ऐकू आलेला नाही. ती वळते, हसते, निघून जाते. मुलगी आहे की वाऱ्याची झुळूक?

वहिनी: हे नाही पटलं. सांगतो कोण? मुकुंद जोशी. नववीतल्या पोराला तिचं बोलणं फारसं ऐकायला मिळतं कुठे? तो तिला बहुतेक लांबूनच बघतो, म्हणून ती आपल्यालाही लांबूनच दिसते. तिने भरभरून बोलायला सुरुवात केली असती तर तीच लबाडी झाली असती.

आत्या: ...

आत्या: बरोबर आहे गं. मी तिला शोधत बसले आणि तो तिला शोधतोय हे विसरले. तक्रार मागे.

काका: आमच्या वेळी नाही कुठली तक्रार मागे घेतली.

दादा: यातल्या कशावर सिनेमा आहे का?

वहिनी: शाळावर आहे. आपण बघितलाय. तू झोपला होतास.

छोटू: आत्याआजी, कोसला? मी पाठवलेली. उदाहरणार्थ वाचली का वगैरे?

आत्या: बघा, चावलं याला. 1963 पासून दर पिढीतल्या पोरांना कोसलातलं हे "उदाहरणार्थ" आणि "वगैरे" चावतंय. माझ्या वर्गातली मुलंही असंच बोलायची, म्हणून रागाने मी तेव्हा पुस्तक फेकलं होतं. आता वाटतं, त्यातला नायक पांडुरंग सांगवीकर बोलतो त्यातलं निम्मं सोंग आहे आणि ते सोंग आहे हे त्यालाही ठाऊक आहे. वसतिगृहाची पानं लांबलीत, मी काही गाळली, खोटं कशाला बोलू. पण धाकटी बहीण मनी जाते तिथे ती सगळी टिंगल एकदम थांबते. हा पोरगा आतापर्यंत कशाच्या आड लपला होता ते तेव्हा कळतं. तिथे पुस्तक पालथं घातलं, दोन दिवस उचललंच नाही.

छोटू: मीपण तिथे थांबलो होतो.

आत्या: माहीत आहे. तुझ्या प्रतीत त्या पानाचा कोपरा दुमडलाय.

मी: सहावी राहिली.

आत्या: रणांगण. विश्राम बेडेकरांची, 1939 ची, जेमतेम शंभरेक पानं. युरोपातून निघालेली बोट, हिटलरच्या तडाख्यातून सुटलेले ज्यू, त्यात हॅर्टा, आणि आपला चक्रधर. महायुद्ध तोंडावर असताना लिहिलेलं आहे आणि कुठेही जुनाट वाटत नाही. हॅर्टाची पत्रं वाचा. त्या पत्रांत ती जितकी उघडी होते तितका हा बोटीवर असताना एकदाही होत नाही. आणि शेवटी ती

वहिनी: आत्या नको!! मी वाचलेली नाही!

आत्या: 1939 ची आहे गं. अजून किती वर्षं गुपित ठेवू?

वहिनी: रविवारपर्यंत.

आत्या: बरं. बोट किनाऱ्याला लागते एवढंच सांगते.

काका: माझी बॅटरी संपत आली. मृत्युंजयचा विषय संपलेला नाही, सांगून ठेवतो.

मी: 😄 काका, चार्जिंगला लावा आधी.

काकू: मला धग पाठवा वन्सं. कामं चालू असताना मोठ्याने वाचीन. ह्यांनाही ऐकू जाईल.

आत्या: उद्याच देते. ओठ हलवून वाच हं.

दादा: 👍

काकू: कर्णाच्या वाट्याला जिवंतपणी अवहेलना आली, आता वाचकांकडूनही तेच. सहा जणांच्या मुखातून एकच सत्य बोलतं, हे समजायला अंतःकरण लागतं. असो.

छोटू: आजोबा, आजीचा फोन परत द्या.