रविवारची पायपीट: तुम्ही कोणासोबत, कुठं चाललात? लिहा

शाहगंजची_लेक
परवा स्कूटी गॅरेजला टाकली अन् पैठणगेटपासून गुलमंडीपर्यंत पायी आले, कितीतरी वर्षांनी. सुपारी हनुमानापाशी पोचले अन् अण्णा आठवले. रविवारी अण्णांना सुट्टी, मी, धाकटी अन् ते सकाळी चहा-पाव खाऊन निघायचो ते ऊन डोक्यावर येईस्तोवर चालायचो. आपलं संभाजीनगर (औरंगाबाद) बावन्न दरवाज्यांचं गाव म्हणतात, तर अण्णांनी ठरवलेलं की जेवढे उभे आहेत तेवढे पायीच बघायचे. किराण्याच्या वहीच्या मागच्या पानांवर नोंद ठेवायचे. ती वही काल माळ्यावरून काढली. "भडकल. मलिक अंबर, 1612. धाकटीच्या चपलेचा अंगठा तुटला." "दिल्ली दरवाजा. उसाचा रस, तिघांत दोन ग्लास." भडकलला त्यांनी माझा तळहात धरून भिंतीला लावला होता, बाहेर मे महिन्याचं ऊन अन् कमानीखाली दगड गार. म्हणले मोगलांना हरवलं त्याची आठवण म्हणून बांधलाय, तेव्हा या गावाला खडकी म्हणायचे. अकराव्या दरवाज्यावर वही थांबली. अण्णांचे गुडघे गेले मग.
तुमचे लिहा, मला वाचायचेत.

गोलाईकर
लातूर. गंजगोलाई. सोळा रस्ते येऊन मिळतात अन् मधी देवीचं मंदिर. लहानपणी आजोबांसोबत रोज एक रस्ता धरायचा असा नेम, आज सराफा, उद्या कापड लाइन, परवा भुसार. एकदा आजोबा तंबाखू घ्यायला थांबले अन् मी पुढं गेलो, परत फिरलो तर सगळे रस्ते सारखेच दिसायले. रडत मंदिराच्या पायरीवर बसलो. आजोबा आले, रागावले नाहीत, म्हणले हरवलास की मधी येऊन बसायचं, मी तिथंच येतो. 93 च्या भूकंपानंतर घरात झोपायची कुणाची छाती नव्हती. आदल्या रात्रीच विसर्जन झालेलं, लोक दमून झोपले अन् पहाटे चारच्या आत जमीन हलली. आमचं घर वाचलं, किल्लारीकडं आजोबांचे सोयरे गेले. त्या महिन्यात आजोबा रात्र रात्र मला घेऊन गोलाईभोवती चालायचे. बोलायचे नाहीत काही. बोट मात्र सोडलं नाही.

मी_नांदेडची
@गोलाईकर वाचून गलबलून आलं दादा 🙏

घाटीतली_नर्स
ड्युटी बदलायची वेळ झालीय, पटकन लिहिते. आमचा रविवार म्हणजे पाणचक्की. लोक हौदातले मासे बघून परत येतात. मला आवडतं ते पाणी उंचावरून पडतं तिथं कठड्याला टेकून उभं राहायला, तुषार तोंडावर येतात अन् रात्रपाळीचा सगळा शीण उतरतो. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून जमिनीखालून इथवर आणलंय अन् त्याच्या जोरावर जातं फिरायचं, दर्ग्यातल्या फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी पीठ दळायचं. पंप नाही, वीज नाही. आमच्या गल्लीत आठवड्याला एकदा नळ येतो, त्यामुळे मला ते नळ फारच जवळचे वाटतात.

परभणीकर
नळाचा विषय काढूच नका ताई, आमच्याकडं पण तेच. बरं, जुन्या बाजारात नान-कलिया (मटणाचा रस्सा अन् नान) कुठं बरा मिळतो?

बुढीलेनवाला
सकाळी लवकर जावा, दुपारी संपतो. घरी करायचा असला तर विचारा, अम्मीची रीत आहे.

मी_नांदेडची
आमच्याकडं वजिराबादवरून चालत गुरुद्वारा, तिथून नगीना घाट. गोदावरीच्या पायऱ्यांवर बसायचं, मग लंगर. दसऱ्याला हल्लाबोलची मिरवणूक असली की आई हात घट्ट धरायची. ती आता नाही. मी अजून जाते, एकटी. बायकांनी एकटं चाललं की माणसं बघतात, बघू द्या, मी चालणार.

घाटीतली_नर्स
@मी_नांदेडची नक्की चाला. मी पण एकटीच असते.

किलेअर्क
@शाहगंजची_लेक ताई, वहीत कोणते राहिलेत? काळा दरवाजा आहे का त्यात?

शाहगंजची_लेक
नाही हो. रंगीन आहे, रोशनगेट आहे, कटकट आहे, बारापुल्ला आहे. मकाईला लिहिलंय "पुलावरून खाम बघितली, पाणी होतं." काळा नाही.

किलेअर्क
मग तो आमच्या घराजवळच, किलेअर्कात. अण्णांना आणता येतं का? रिक्षा अगदी जवळ जाती, चार पावलं चालले तरी पुरे.

शाहगंजची_लेक
अण्णा गेले हो, दोन वर्षं झाली. पण मी येते. धाकटी जालन्याहून येतीय शनिवारी, रविवारी सकाळी सहाला निघू. वही आणते, बारावं पान तिच्या हातानं लिहायचं ठरलंय.

गोलाईकर
मी येऊ का? शनिवारच्या रात्रीच्या गाडीनं निघतो.

शाहगंजची_लेक
या की दादा. चहा आमच्याकडं.

परभणीकर
@बुढीलेनवाला अम्मीला विचारून सांगा ना, कलियात हळद किती घालायची? घरी पाहुणे बसलेत.