मुरघासाच्या खड्ड्याचा कोबा दोन हंगामात खरवडला, सिलिका टाकून फरक पडेल का?

गोठेकरी_१२म्हशी
नमस्कार मंडळी. मुरघासासाठी (दाबून हवाबंद आंबवलेला हिरवा चारा) पक्का खड्डा बांधलाय, दोन बाजूला भिंती आणि खाली कोबा. दुसऱ्याच हंगामाला कोब्याची वरची साय गेली, वाळूचे दाणे उघडे पडले आणि भिंतीच्या खालच्या दीड फुटात तर बोटानं घासलं तरी माल सुटतोय. पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट, १:४ चा माल होता, म्हणजे एक भाग सिमेंटला चार भाग वाळू. आता मिस्त्री म्हणतोय टाच्या मारून नवीन प्लास्टर करू, त्यात सिलिका पावडर टाकू म्हणजे मुरघासाच्या पाण्यातलं ॲसिड लागणार नाही. टाइल्सच्या दुकानातून ५० किलोची पांढरी गोणी आणून पण ठेवलीय. किती टाकायची? का नुसताच खर्च?

माल_कालवणारा
दादा ती गोणी आधी बाजूला ठेवा. पांढरी, जड, चिमटीत कचकच लागणारी असेल तर ते क्वार्ट्झचं पीठ आहे, म्हणजे दळलेली वाळूच. सिलिका नावापुरती, सिमेंटशी तिची काही रिॲक्शन होत नाही, आणि वर तिची धूळ छातीत गेली की वाईट, मास्क नसेल तर उघडूच नका. तुम्हाला पाहिजे ती सिलिका फ्युम (काहीजण मायक्रोसिलिका म्हणतात). ती बहुतेक करून राखाडी असते, हलकी, आणि कण सिमेंटपेक्षा शंभरेक पट बारीक.

आता उपयोग कसा ते सांगतो. सिमेंट भिजलं की चिकटणारा भाग तयार होतो आणि सोबत मोकळा चुनापण सुटतो, तोही थोडाथोडका नाही, घट्ट झालेल्या सिमेंटचा जवळजवळ पाचवा हिस्सा. ॲसिड पहिल्यांदा तोच खातं. सिलिका फ्युम त्या चुन्याला धरून आणखी चिकट भाग बनवते आणि बारीक छिद्रं बुजवते, त्यामुळं पाणी आत शिरायला वाट कमी राहते. सल्फेटच्या किंवा खाऱ्या पाण्यात याचा फरक मोठा पडतो. पण मुरघासाचं पाणी म्हणजे लॅक्टिक आणि ॲसेटिक ॲसिड, पीएच ४ च्या आसपास. ते चुना संपला की चिकट भागातलं कॅल्शियमपण ओढून घेतं आणि मागं मऊ जेलीसारखा थर उरतो. म्हणजे झीज हळू होईल, थांबणार नाही. ‘ॲसिड लागणार नाही’ असं मिस्त्री म्हणत असेल तर ते चूक.

करायचंच तर ओपीसीच्या (राख न मिसळलेलं साधं सिमेंट) ५० किलोच्या गोणीला ४ ते ५ किलो फ्युम, माल १:३, आणि पाणी वाळूतल्या ओलीसकट २०-२२ लिटरच्या पुढं नको. एवढ्या पाण्यात माल सुका वाटतो, मग मिस्त्री गुपचूप बादली ओततो, म्हणून प्लास्टिसायझर (कमी पाण्यातही माल मऊ ठेवणारं औषध) घ्याच. कालवायला मिक्सर लागेल, फावड्यानं गुठळ्या फुटत नाहीत. फ्युमच्या मालातून पाणी वर येत नाही त्यामुळं वाऱ्यात लगेच तडे जातात, घोटून झालं की त्याच दिवसापासून ओलं बारदान आणि वर प्लास्टिक, कमीत कमी १०-१४ दिवस.

शेतकरी_ताई_माण
आमचाही खड्डा असाच गेलता. मला वाटतं खरा घोळ पाण्याचा आहे, ते खाली साठूनच राहतं. आम्ही कोब्याला उतार दिला, कडेला नाली काढून बाहेर टाकी केली, आणि आता भरायच्या आधी तळाला अन भिंतींना जाड प्लास्टिक अंथरतो (कोपऱ्यात उंदरांचा त्रास आहे तो वेगळा). आणि मका हिरवाकच्च कापू नका, दाणा चिकात आला की कापा, मग पाणीच कमी सुटतं. हे फुकटात होतंय.

नवा_कंत्राटदार
पीपीसीतल्या फ्लाय ॲशमध्येही (वीज केंद्रातली कोळशाची राख) सिलिका असतेच ना, मग यांचं पीपीसी का गेलं? आणि आमच्याकडं भाताच्या तुसाची राख ढिगानं आहे, ती चालेल?

माल_कालवणारा
बरोबर, पीपीसीत १५ ते ३५ टक्के फ्लाय ॲश असते पण ती सावकाश काम करते, आठवडाभर ओलावा मिळाला नाही तर नुसती भर म्हणून पडून राहते. दोन दिवस पाणी मारून सोडलं असणार, खरं सांगा 🙂 तुसाची राख ६००-७०० डिग्रीच्या आसपास जळली असेल तर उत्तम. भट्टीत जास्त तापली की सिलिका स्फटिक होते, मग तीही गोठेकरींच्या गोणीसारखीच. ओळखायला एक सोपं: राख आणि चुना पाण्यात घट्ट कालवून गोळा करा, बंद पिशवीत दोन-तीन आठवडे ओला ठेवा. दगडासारखा झाला तर काम करते, चुरा झाला तर नाही. आणि ताईंचं बरोबर आहे, उतार, नाली आणि प्लास्टिक पहिलं. बजेट उरलं तर नव्या प्लास्टरवर, पूर्ण वाळल्यावर, इपॉक्सीचे दोन हात.

गोठेकरी_१२म्हशी
पाणी तीन दिवसच मारलं होतं, कबूल. फ्युम गावात मिळत नाही, मिरजेला विचारतो. उताराचं आधी करून घेतो. दुकानदार मात्र गोणी परत घेत नाहीये, म्हणतोय ‘सिलिका मागितली, सिलिका दिली’.