श्वासनलिका लुळी पडणं खरंच लाखात एक?

वर कोणीतरी लिहिलंय की ट्रेकिओमलेशिया, म्हणजे श्वासनलिका लुळी पडण्याचा आजार, लाखात एखाद्यालाच होतो. मुलांच्या बाबतीत तरी ते पटत नाही. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या बालरुग्णालयातल्या ब्राँकोस्कोपीच्या (श्वासनलिकेत दुर्बीण घालून केलेल्या तपासणीच्या) नोंदींवरून 2005 मध्ये अंदाज निघाला होता, की श्वसनमार्गाचा असा जन्मजात मऊपणा 2,100 मुलांमागे किमान एकाला असतो. 'किमान' अशासाठी की ब्राँकोस्कोपीपर्यंत पोचलेलीच मुलं मोजली गेली. बाकीच्यांची घरघर दमा समजून पंपावर निभावते. त्यातून बऱ्याच मुलांची कूर्चा (नळीला आधार देणारं लवचिक हाड) वाढत्या वयात घट्ट होते आणि त्रास आपसूक कमी होतो, मग तपासणार कोण? अन्ननलिकेच्या जन्मजात दोषाचं ऑपरेशन झालेल्या बाळांत मात्र हा सर्रास आढळतो.

मोठ्यांचं गणित जास्त घोळाचं. श्वास सोडताना नळी निम्म्याहून जास्त मिटली की आजार, असा जुना निकष. अमेरिकेत 51 धडधाकट माणसांचं जोरात श्वास सोडताना सीटी स्कॅन केलं (अभ्यास 2009चा), तर त्यातली 78% त्या निकषात बसली! त्यामुळे सीओपीडीच्या (फुफ्फुसांच्या जुनाट आजाराच्या) रुग्णांमधले मोठाले आकडे वाचताना आधी निकष 50 टक्क्यांचा होता की 70-80 चा, ते बघा.