मदत हवी आहे: तीन वेळा गोळी देऊनही मुलीला पुन्हा जंत होतात

नमस्कार.

माझी मुलगी सात वर्षांची असून दुसरीत शिकते. गेल्या सप्टेंबरपासून तिला जंतांचा त्रास आहे आणि आजवर तीन वेळा गोळी देऊनही तो पुन्हा उद्भवत असल्यामुळे हा धागा काढत आहे.

सुरुवातीला रात्री झोपल्यावर तासाभरात ती चुळबुळ करू लागे, शौचाच्या जागी खाजवत राही आणि कधी कधी रडत उठे. घामोळे असेल असे समजून आम्ही आठवडाभर खोबरेल तेल लावत राहिलो. एका रात्री साडेअकराच्या सुमारास पत्नीने मोबाइलच्या उजेडात नीट पाहिले, तेव्हा शिवणाच्या पांढऱ्या दोऱ्याचे तुकडे असावेत तसे, जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचे दोन जंत कडेला वळवळताना दिसले. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी अल्बेंडाझोलची 400 मिलिग्रॅमची गोळी चावून खायला दिली आणि चार दिवसांत खाज थांबली. नोव्हेंबरात पुन्हा तेच झाले, पुन्हा एक गोळी दिली. फेब्रुवारीत शाळेत राष्ट्रीय जंतनाशक दिनाची गोळी मिळाली, तरी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात रात्रीची रड पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात केलेल्या शौचाच्या तपासणीत मात्र जंतांची अंडी आढळली नाहीत, त्यामुळे अहवाल खरा मानावा की स्वतःचे डोळे, असा प्रश्न पडला आहे.

घरात आम्ही हयगय केलेली नाही. पिण्याचे पाणी उकळतो, पालेभाजी मिठाच्या पाण्यात बुडवून मग तीनदा धुतो, कोशिंबीर आणि पाणीपुरी दोन्ही बंद आहेत. गोड खाल्ल्याने जंत होतात आणि पोर झोपेत दात खाते ते त्यामुळेच, असे माझ्या आईचे ठाम मत असल्यामुळे गूळ-साखरही बंद झाली असून वावडिंगाचा काढा सुरू आहे, जो मुलगी नाक दाबून पिते. शेजाऱ्यांच्या मते हे सगळे इमारतीतल्या कुत्र्यामुळे होत आहे. मुलीला नखे कुरतडण्याची सवय आहे, पण ती वर्गातल्या निम्म्या मुलांना असेल.

जंत परत का येतात आणि गोळी नेमकी कोणाकोणाला द्यावी, हे मला समजून घ्यायचे आहे. घरात आम्ही सहा जण आहोत आणि त्यांपैकी माझ्या धाकट्या भावाची पत्नी तिसऱ्या महिन्याची गरोदर आहे. शिवाय आईचे हिमोग्लोबिन 8.4 आले आहे. ती वर्षातले सहा महिने देवरुखजवळच्या आमच्या गावी असते आणि बागेत व शेतात अनवाणी काम करते. तिलाही हेच जंत झाले असतील का? घरगुती उपायांपेक्षा अनुभवातून किंवा अभ्यासातून आलेली माहिती मिळाल्यास उपकार होतील.

प्रतिसाद 1

मी निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. औषध लिहून देणे माझे काम नव्हे, परंतु सूक्ष्मदर्शकाखाली या प्राण्याशी माझी जुनी ओळख आहे.

आपण वर्णन केलेला जंत पिनवर्म असावा. त्याची मादी रात्री आतड्यातून बाहेर येऊन शौचाच्या जागेभोवतीच्या त्वचेवर हजारो अंडी चिकटवते. खाज त्यामुळेच सुटते आणि शौचाच्या नमुन्यात अंडी सहसा सापडत नाहीत तीही त्यामुळेच. अहवाल खोटा नाही, तपासणी चुकीची निवडली गेली. सकाळी उठल्याबरोबर, शौचाला किंवा अंघोळीला जाण्यापूर्वी, पारदर्शक चिकटपट्टी त्या जागी हलकेच दाबून ती काचपट्टीवर लावावी आणि तपासायला द्यावी. लागोपाठ तीन सकाळी केल्यास निदान हुकण्याची शक्यता बरीच कमी होते.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. आपण दार लावलेत ते भाजीचे आणि पाण्याचे, पण हा जंत शिरतो नखांतून. मूल खाजवते, अंडी नखांत अडकतात, काही तासांतच ती संसर्गक्षम होतात आणि कुरतडलेल्या नखाबरोबर पुन्हा पोटात जातात. चादर, उशी, अंतर्वस्त्रे यांवर ती दोन ते तीन आठवडे तग धरतात. गोळीने पोटातले जंत मरतात, अंड्यांवर मात्र तिचा भरवसा धरता येत नाही. गिळलेल्या अंड्यापासून अंडी घालणारी मादी तयार होण्यास साधारण महिना लागतो. फेब्रुवारीतली गोळी आणि मार्चचा तिसरा आठवडा यांमधले अंतर मोजून पाहा. म्हणूनच पहिल्या गोळीनंतर दोन आठवड्यांनी दुसरी गोळी, आणि त्रास असो वा नसो, घरातल्या सर्वांना एकाच दिवशी, अशी पद्धत आहे. आपल्या वहिनींनी मात्र प्रसूतितज्ज्ञांना विचारल्याशिवाय गोळी घेऊ नये, कारण पहिल्या तीन महिन्यांत अल्बेंडाझोल टाळतात.

गोळीइतकेच महत्त्व घरातल्या शिस्तीला आहे. नखे अगदी मुळापर्यंत कापावीत, रात्री घट्ट चड्डी घालावी, सकाळी उठताच अंघोळ घालून ती चड्डी बदलावी, आणि शौचानंतर व जेवणापूर्वी साबणाने नखांच्या खाचांसकट हात धुवावेत. आपल्याकडे सकाळी गॅलरीत उभे राहून चादर फडाफडा झटकण्याची जी पद्धत आहे, ती या दिवसांत कृपया बंद ठेवावी, कारण झटकलेली अंडी खाली बसतात ती पुन्हा आपल्याच घरात. चादर गुंडाळून उचलावी आणि गरम पाण्यात धुवावी. गोधडी रोज धुणे शक्य नाही, तिला कडक ऊन दाखवावे.

कुत्र्याला दोष देऊ नये, पिनवर्म माणसातच राहतो. गोडाचेही तसेच आहे, अंडे पोटात गेल्याशिवाय जंत होत नाही, मग गूळ खा किंवा कारले. दात खाणे हेही जंताचे लक्षण धरू नये.

आपल्या आईंची गोष्ट निराळी आहे. पिनवर्ममुळे रक्त एवढे कमी होत नाही. हुकवर्म, म्हणजे अंकुशकृमी, मानवी विष्ठेने दूषित झालेल्या ओलसर मातीतून अनवाणी पायाच्या त्वचेतून शरीरात शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त शोषतो. त्याची अंडी शौचाच्या तपासणीत दिसतात, तेव्हा त्यांच्यासाठी हीच तपासणी योग्य आहे. तरीही या वयात रक्त कमी होण्याची इतर कारणे डॉक्टरांकडून तपासून घ्यावीत, सगळा दोष जंतावर टाकून मोकळे होऊ नये. शाळेतल्या गोळीची मोहीम 2015 पासून 1 ते 19 वर्षांच्या मुलांसाठी चालते, ती याच हुकवर्मसह मातीतून पसरणाऱ्या तीन प्रकारच्या जंतांसाठी. मोठ्या गोल जंताचे अंडे मातीत दोन-तीन आठवडे मुरल्यावरच संसर्गक्षम होते, त्यामुळे भाजी धुणे आणि शौचालय वापरणे तिथे खरोखर उपयोगी पडते. आपली मेहनत वाया गेलेली नाही, फक्त ती दुसऱ्याच जंताविरुद्ध होती.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. आपण सांगितल्याप्रमाणे तीन सकाळी चिकटपट्टी लावून काचपट्ट्या दिल्या. पहिल्या दोन कोऱ्या निघाल्या, तिसरीवर अंडी सापडली. बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने, वहिनी वगळता आम्ही पाचही जणांनी रविवारी एकत्र बसून गोळी चावली आणि दुसऱ्या गोळीची तारीख कॅलेंडरवर लाल शाईने लिहिली आहे. आईच्या शौचाचा नमुना काल दिला असून शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिनची रक्तचाचणीही सांगितली आहे. ती गावी जाईल तेव्हा बरोबर द्यायला गमबूट आणले आहेत, पण चिखलात ते घालून रोपे लावता येत नाहीत, अशी तिची तक्रार आताच सुरू झाली आहे. तिथे अनवाणी न राहता भातलावणी कशी करतात, हे कोणी कोकणातील शेतकरी सांगू शकतील का?