धागा: डोक्याला अँटीऑक्सिडंट सीरम लावून केस गळायचे थांबतात का?

मिरजेचा_फार्मासिस्ट
सांगली-मिरजेच्या मेडिकल दुकानांत व्हिटॅमिन सी, ई, द्राक्षबियांचा अर्क, हळदीतलं कर्क्युमिन असल्या अँटीऑक्सिडंट (ऑक्सिडेशनने पेशींची होणारी झीज रोखणाऱ्या) सीरमच्या बाटल्या 'केसगळतीवर उपचार' म्हणून विकल्या जातात. माझं मत स्पष्ट आहे. चेहऱ्याला या गोष्टी उपयोगी पडतात, टकलावर उपचार म्हणून नाही.

पुरुषांच्या टकलाच्या मुळाशी डीएचटी हे संप्रेरक असतं. त्याच्यामुळे केसाचं मूळ वाढीच्या प्रत्येक चक्रात बारीक होत जातं आणि व्हिटॅमिन सी लावून ते थांबत नाही. दुसरी गळती टायफॉइड, डेंग्यू किंवा बाळंतपणानंतरची. ती २-३ महिन्यांनी सुरू होते आणि बहुतेकांची पुढच्या ६ महिन्यांत आपोआप ओसरते. लोक सीरम आणतात ते नेमकं गळती शिगेला पोचल्यावर. ती थांबते तिच्या वेळेने आणि नाव होतं बाटलीचं.

केशमूळ_कराड
निम्मं पटलं. पण टक्कल पडणाऱ्या भागातल्या केसमुळांच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या तर त्या लवकर म्हाताऱ्या होतात आणि ऑक्सिडेशनचा ताण त्यांना कमी सोसतो, हेही सिद्ध झालेलं आहे. म्हणजे डीएचटी हे एकटंच कारण नाही. २००४ साली ४० स्त्रियांवर ०.१ टक्का मेलाटोनिनचं (झोपेशी संबंधित संप्रेरकाचं) द्रावण ६ महिने लावून पाहिलं. काहींना खोटं द्रावण दिलं होतं आणि कुणाला काय मिळतंय हे दोन्ही बाजूंना माहीत नव्हतं. मेलाटोनिनवाल्यांत वाढीच्या टप्प्यातले केस जास्त निघाले. मेलाटोनिन अँटीऑक्सिडंटच आहे. सगळ्यांना एका झटक्यात बाद करू नका.

मिरजेचा_फार्मासिस्ट
तोच प्रयोग नीट बघा. आनुवंशिक केसगळती असलेल्या स्त्रियांत फरक दिसला तो मानेकडच्या मागच्या भागात. त्यांचे केस विरळ होतात भांगाशी आणि माथ्यावर, आणि समोरच्या भागात फरक दिसला तो दुसऱ्या, म्हणजे सरसकट गळतीच्या गटात. शिवाय मेलाटोनिनचा निकाल व्हिटॅमिन सी-ईच्या बाटलीवर चिकटवता येत नाही.

हळदपेठ_सांगली
एवढ्या महाग बाटल्या हव्यातच कशाला? २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. कर्क्युमिन हे उत्तम अँटीऑक्सिडंट. खोबरेल तेलात हळद घालून डोक्याला, दुधात कालवून चेहऱ्याला. आजीच्या काळापासून चालत आलंय.

मिरजेचा_फार्मासिस्ट
हळदीचा अभिमान मलाही आहे, पण हिशेब करू. हळदीत कर्क्युमिन साधारण ३ ते ५ टक्के. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, उजेडात मोडतं, साबणाच्या अल्कलीत तर फारच लवकर. त्वचेच्या वरच्या थराखाली अगदी थोडं उतरतं. अंगावर राहतो तो पिवळा रंग. डोक्यात कोंडा असेल तर तेल रात्रभर ठेवूच नका, कोंड्याची मॅलेसेझिया बुरशी तेलातल्या स्निग्धाम्लांवरच वाढते. तिथे २ टक्के केटोकोनॅझोल शाम्पू आठवड्यातून २ वेळा, ५ मिनिटं ठेवून धुवायचा.

विश्रामबाग_स्किनकेअर
आवळा तेलाचंही सांगा ना दादा. आवळ्यात सी भरपूर, म्हणून लोक तेल घेतात.

मिरजेचा_फार्मासिस्ट
ताई, व्हिटॅमिन सी पाण्यात विरघळतं, तेलात नाही. तेलात आवळा उकळल्यावर वास आणि रंग उतरतो, सी नाही. केस मऊ राहतात ते तेलामुळे.

विश्रामबाग_स्किनकेअर
मग चेहऱ्याच्या सीरमचं नीट लिहिते, कारण लोक तिथेही पैसे घालवतात. एल-अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल (म्हणजे शुद्ध व्हिटॅमिन सी) १० ते २० टक्के हवं आणि पीएच (आंबटपणाचं माप) ३.५ च्या आत. ड्यूक विद्यापीठात पिनेल यांच्या गटाने २००१ मध्ये हे डुकराच्या कातडीवर मोजलं: २० टक्क्यांच्या पुढे प्रमाण वाढवून जास्त आत जात नाही. २००५ मध्ये १५ टक्के सी आणि १ टक्का ई यात अर्धा टक्का फेरुलिक आम्ल हे आणखी एक अँटीऑक्सिडंट घातल्यावर उन्हापासूनचं संरक्षण चौपटीवरून साधारण आठपटीवर गेलं.

सकाळी तोंड धुऊन पूर्ण कोरडं करा, ३-४ थेंब लावा, ५ मिनिटांनी सनस्क्रीन. सनस्क्रीन दोन बोटांच्या लांबीइतकं, उन्हात असाल तर दर २ तासांनी पुन्हा. पहिले दोन आठवडे दिवसाआड. चरचर थांबलीच नाही तर सोडियम अ‍ॅस्कॉर्बिल फॉस्फेटकडे वळा, ते व्हिटॅमिन सीचंच रूप, सौम्य असतं आणि टिकतं.

बाटली बिघडते कशाने, तर हवा, उजेड, उष्णता आणि लोखंड-तांब्याचे अंश. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात ती फ्रीजमध्येच ठेवा. पिवळसर झाली तर जपून संपवा, तपकिरी झाली की टाका. मोठी बाटली स्वस्त दिसते, पण उघडल्यावर ३ महिन्यांत संपली नाही तर उरलेलं वायाच. तासगाव-पलूसच्या बागायतदारांनी बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) फवारून आल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय ड्रॉपर धरू नये, मोरचुदातलं तांबं व्हिटॅमिन सी झपाट्याने नासवतं. बोअरच्या पाण्यात पावडर कालवून घरी सीरम करणाऱ्यांचंही तेच होतं, पाण्यात लोह असतं. आणि लिंबू चेहऱ्यावर अजिबात नको. १०० मिली रसात सी जेमतेम ५० मिलिग्रॅमच्या आसपास. वर सालीच्या अर्कावर ऊन पडलं की फोड येतात आणि काळे डाग महिनोन् महिने राहतात.

केशमूळ_कराड
चेहऱ्याबद्दल वाद नाही. पण मिनॉक्सिडिलने, म्हणजे डोक्याला लावायच्या केसगळतीच्या औषधाने, ज्यांचं डोकं खाजतं, साल निघते, त्यांनी काय करायचं? त्यांच्यासाठी सीरम निदान निरुपद्रवी आहे.

मिरजेचा_फार्मासिस्ट
खाज बहुतेकदा द्रावणातल्या प्रोपिलिन ग्लायकोलची असते, फोममध्ये ते नसतं. त्वचारोगतज्ज्ञांना विचारून आधी ते बदलून बघा. द्रावण असेल तर १ मिली, दिवसातून २ वेळा, कोरड्या डोक्याच्या त्वचेवर, केसांवर नाही. पहिल्या २ ते ८ आठवड्यांत केस जास्त गळतात, जुने केस जागा देतात म्हणून. इथेच बहुतेक जण सोडून देतात. किमान ४ महिने लागतात. गरोदरपणात आणि स्तनपान चालू असताना नको. सीरम निरुपद्रवी म्हणता, पण त्यात गेलेल्या वर्षात बारीक झालेलं मूळ परत जाड करणं कठीण होतं.

केशमूळ_कराड
म्हणून एकटं सीरम लावा असं मी म्हणतच नाही, जोडीला. माझी अट एवढीच: आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडची तपासणी) तपासा, मग दर ३ महिन्यांनी त्याच उजेडात, त्याच भांगाचा फोटो काढा. एक दिवस न धुतलेल्या डोक्यातले ५०-६० केस चिमटीत धरून हळू ओढायचे. ६ पेक्षा जास्त हातात आले तर गळती चालू आहे. सहा महिन्यांत फोटोत काहीच फरक नसेल तर सीरम बंद करा.

मिरजेचा_फार्मासिस्ट
अट मान्य. फक्त सीरम आणि मिनॉक्सिडिल एकाच दिवशी सुरू करू नका. नाहीतर फरक पडला तरी कुणामुळे ते फोटोत कळणार नाही.