मदत हवी आहे : एव्हर्टनची दुसरी गुणकपात कशी ठरली?

प्रीमियर लीग या इंग्लंडमधील फुटबॉल स्पर्धेच्या 2023-24 च्या हंगामात आर्थिक नियमभंगाबद्दल एव्हर्टन क्लबचे नोव्हेंबरमध्ये 10 गुण कापले गेले, फेब्रुवारीत अपिलानंतर ती शिक्षा 6 गुणांवर आली आणि एप्रिलमध्ये आणखी 2 गुण गेले. तरीही तेव्हाचे व्यवस्थापक शॉन डाइच यांच्या संघाने 40 गुणांसह पंधरावे स्थान मिळवले, ही माझ्या मते मोठीच कामगिरी आहे. गुडिसन पार्क या एव्हर्टनच्या तेव्हाच्या घरच्या मैदानावर मँचेस्टर युनायटेडविरुद्धच्या सामन्यात चाहत्यांनी उंचावलेले ते गुलाबी निषेधफलक अजून डोळ्यांसमोर आहेत. तीन वर्षांत 10.5 कोटी पौंडांपर्यंतच्या तोट्याची मर्यादा मला समजते. मात्र दोन्ही प्रकरणांच्या हिशेबात काही वर्षे सामाईक असताना, त्याच तोट्याची शिक्षा पुन्हा होऊ नये म्हणून शिक्षा ठरवणाऱ्या स्वतंत्र आयोगाने किती सवलत दिली आणि कोणत्या आधारावर? मूळ निकालपत्र वाचलेल्या जाणकारांनी कृपया हे उलगडून सांगावे.